काठावर बसायचं, पण दिसायचं नाही

मैत्रिणींनो, ताजा मासा कसा ओळखावा हे मी तुम्हांला सांगायला नको. कल्ला उचलून पाहायचा, आत लालभडक हवा. बोटाने दाबलं की खळगा राहता कामा नये. डोळा फुगीर, पाणीदार हवा. आत गेलेला, दुधाळ डोळा दिसला की टोपली पुढे सरकवायची. हे धडे आपल्याला आईने नाहीतर सासूने बाजारातच दिलेले असतात. पण जो डोळा आपण टोपलीत निरखून पाहतो, तो पाण्यात जिवंत असताना आपल्याकडे कसा पाहत असेल, हा विचार तुमच्या मनात कधी आला आहे का? नसेलच आला. कशाला येईल! माझ्याही मनात तो सासऱ्यांनी घातला. आणि त्या विचाराच्या मागे मागे जाताना आमच्या घरातल्या एका माणसाची उरलेली नजर हाती लागली. म्हणून आज लिहायला बसले.

आधी आमचं गाव सांगते. डहाणूच्या लोकलमध्ये बसलात की पालघर, मग उमरोळी, मग बोईसर. बोईसरला पूर्वेकडे उतरायचं आणि चिल्हार फाट्याच्या रस्त्याला लागायचं. त्या बाजूला आमचं बेटेगाव. पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि त्यापलीकडे समुद्रकाठी १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र. पूर्वेला भातखाचरं, वारल्यांचे पाडे आणि डोंगर. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, आणि बघता बघता शेताच्या कडेला इमारती उभ्या राहिल्या. आमचे हे वसाहतीतल्या एका कारखान्यात आहेत. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका बाजूला बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते, तर दुसऱ्या बाजूला भाताची पेंढी. तुमच्यापैकी कितीतरी जणींचं गाव असंच अर्धं इकडे, अर्धं तिकडे असेल.

माशांना आमच्याकडे तोटा नाही. सातपाटी इथून जवळ, आणि तिथलं पापलेट तर तुम्हांला ठाऊकच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्याचा मासा म्हणून मान दिला, तेव्हा आमच्या बाजारातल्या कोळणीने त्या दिवशी वाटा जरा महागच लावला होता! पण आमच्या मामंजींना समुद्राच्या माशाचं कौतुक कमी. (हो, मी सासऱ्यांना मामंजीच म्हणते. आजच्या सुनांना शब्द जुनाट वाटेल, पण जिभेला वळण पडलं ते पडलं.) त्यांचा जीव ओहळाच्या माशात. मरळ, शिंगटी, खवल्यांची बारीक मासळी, आणि आमच्याकडे जिला चिलापी म्हणतात ती तिलापिया. ही तिलापिया मूळची आफ्रिकेतली. आपल्या देशात ती १९५२ साली आणली, आणि आता कुठलंही तळं घ्या, ती आहेच.

मामंजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. सासूबाई गेल्या त्याला आता सहा वर्षं होतील. त्या गेल्यावर त्यांचं बोलणं अगदी तुटलं. सकाळी उठायचं, पेपर घेऊन ओटीवर बसायचं, जेवण म्हटलं की जेवायचं. एकच गोष्ट ते आपणहून करीत. काठी घ्यायची, गळ घ्यायचा आणि घरामागच्या ओहळावर जायचं. पण रक्तदाबाचा त्रास, वय सत्तरीच्या पुढे. एकदा शेताच्या बांधावर पाय घसरून पडले, तेव्हा ह्यांनी फर्मानच काढलं, "बाबा, आता एकट्याने जायचं नाही." मुलगा दिवसभर कामावर, नातू शाळेत. मग बरोबर जाणार कोण? मी म्हटलं, "मी जाते."

आता सून सासऱ्याबरोबर गळ टाकायला जाते म्हटल्यावर शेजारी काय बोलले असतील ते तुम्ही ओळखलंच असेल. एक बाई तर म्हणाली, "काय गं, बाजारात मासे मिळेनासे झाले का?" मी हसून पुढे गेले. कपडे वाळत घालायचे राहू देत, हा एक तास माझाही होता.

पहिल्याच दिवशी ओहळाच्या काठाशी जाऊन मी पाण्यात डोकावले. मामंजींनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "सूनबाई, आता इथे अर्धा तास काही मिळायचं नाही. आपण चहा पिऊ." थर्मास उघडला आणि माझी शाळा सुरू झाली.

ते म्हणाले, मासे आत खोलात असतात असं सगळ्यांना वाटतं, म्हणून लोक काठावर जाऊन लांब गळ फेकतात. खरं म्हणजे मासा पुष्कळदा काठाशीच असतो, आपल्या पायाखाली. काठावरच्या गवतातून किडे पडतात, झाडाची सावली असते, मुळांच्या खाली लपायला जागा असते. आपण काठावर पाय ठेवला की जवळचा मासा पळतो, आणि पळताना लांबच्यालाही घाबरवतो. म्हणून आधी काठापासून चार पावलं मागे थांबायचं आणि पहिला गळ अगदी काठाशी सोडायचा. लांबचं नंतर.

पण मागे राहिलं म्हणजे दिसत नाही, असं मात्र समजू नका. इथे मामंजींनी मला जो प्रयोग दाखवला तो तुम्ही आजच स्वयंपाकघरात मुलांना करून दाखवा. एक रिकामं पातेलं घ्या, तळाशी नाणं ठेवा. मग इतकं मागे सरका की नाणं पातेल्याच्या काठाआड जाऊन दिसेनासं होईल. तिथेच थांबा आणि मुलाला सावकाश पाणी ओतायला सांगा. पाणी चढेल तसं नाणं वर आल्यासारखं दिसू लागेल. नाणं हललेलं नाही, तुम्ही हललेल्या नाही. पाण्यातून हवेत येताना प्रकाशाचा किरण वाकतो, त्याची ही करामत. आता उलटा विचार करा. नाण्याच्या जागी मासा आहे. काठाआडून तुम्हांला नाणं दिसतं, तर माशालाही काठाआडच्या तुम्ही दिसणारच!

माशाला पाण्याच्या पृष्ठभागावर डोक्याच्या वर एक गोल खिडकी दिसते. बाहेरचं सगळं जग, आकाश, झाडं, काठावरची माणसं, त्या गोलात कोंबलेलं असतं. गोलाच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो, त्यात माशाला ओहळाचा तळच उलटा दिसतो. ह्या गोलाचं मापही ठरलेलं आहे. मासा जितका खोल असेल त्याच्या सुमारे सव्वादोन पट रुंदीचा तो गोल. फूटभर खोल मासा असेल तर सव्वादोन फूट, तीन फूट खोल असेल तर पावणेसात फूट. गोलाच्या मध्यात जे असतं ते स्वच्छ दिसतं. कडेला जे असतं ते दबून, चेपून, अंधुक होतं. म्हणजे जी गोष्ट पाण्याच्या पातळीला जितकी लगटून, तितकी ती त्या खिडकीच्या चौकटीत दबलेली.

यातूनच लपण्याचे सगळे नियम निघतात. पाण्यापासून दहा अंशांच्या आत राहिलात तर माशाच्या दृष्टीने तुम्ही जवळजवळ नाहीतच. उभ्या बाईला त्यासाठी तीस फूट मागे जावं लागेल. तीच खाली बसली तर पंधरा फूट पुरतात. काठ उंच असेल तर अंतर आणखी वाढवावं लागतं. म्हणून गळवाला वाकतो, बसतो, कधी गुडघ्यावर रांगतोसुद्धा. आपल्याला ह्यात अवघड काय? जात्यावर, पाटावर, विळीवर बसण्यात आपल्या आज्यांचा जन्म गेला. मामंजी म्हणायचे, "बायका गळाला पुरुषांपेक्षा बऱ्या. त्यांना खाली बसायची लाज वाटत नाही."

बाकीच्या गोष्टी तुम्हांला चटकन पटतील. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. सकाळी पूर्वेकडे तोंड, संध्याकाळी पश्चिमेकडे, म्हणजे आपली सावली आपल्या पाठीमागे. पाठीशी झुडूप नाहीतर बांध असावा. उघड्या आकाशापुढे बसलं की माणसाचा आकार ठसठशीत उठून दिसतो. साडी जुनी, विटक्या रंगाची. माझी एक मेंदी रंगाची सुती साडी आता केवळ ह्याच कामाला ठेवली आहे. घड्याळ, चकचकीत बांगडी उन्हात लखकन चमकते, ती घरी काढून ठेवायची. मंगळसूत्र पदराआड. काठी डोक्यावरून फिरवायची नाही, आडवी, खालून पुढे सरकवायची. आणि हालचाल सावकाश. मासा आकारापेक्षा हालचालीला आधी बिचकतो.

वाहत्या पाण्यात मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, कारण खाणं तिकडून येतं. त्याचे डोळे दोन बाजूंना, त्यामुळे त्याला सभोवार बरंच दिसतं. फक्त अगदी पाठीमागची एक फट आंधळी. म्हणून वाहत्या ओहळात खालच्या अंगाने वर जायचं.

आता बोलण्याचं. "मासे पळतील, बोलू नका," असं सगळेच दटावतात. पण हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक सगळा मागे फिरतो, हजारातला एखादा भाग आत जातो. हळू आवाजातल्या गप्पांना मासा भीत नाही. तो भितो पावलांना. जमिनीवर आपटलेलं पाऊल काठातून थेट पाण्यात पोचतं, आणि माशाच्या अंगावर दोन्ही कुशींना जी रेघ असते ना, जी आपण खवले काढताना पाहतो, ती रेघ म्हणजे त्याचं थरथर ओळखण्याचं इंद्रिय. तेव्हा चपला आपटत जायचं नाही, बादली धाडकन ठेवायची नाही. बोलायला मात्र हरकत नाही. मैत्रिणींनो, ही एक गोष्ट आमच्या फार उपयोगी पडली. ओटीवर तोंड न उघडणारे मामंजी ओहळाकाठी पुटपुटल्यासारखं बोलू लागले. सासूबाईंबद्दलसुद्धा.

लपण्यातला खरा गुरू दाखवायचा तर ते ढोकरीकडे बोट दाखवत. हा मातकट बगळा तुम्ही पाहिला असेल. चिखलाच्या काठाशी बसला की दगड कुठला आणि पक्षी कुठला कळत नाही. उडाला की एकदम पांढरे शुभ्र पंख! मान आखडून, एका जागी, मासा आपणहून चोचीजवळ येईपर्यंत तो थांबतो. आणि आमच्या पाड्यावरचे वारली लोक? ते तर पाण्यात पाय टाकतात आणि लाट उठत नाही. मासेमारी त्यांच्या अंगात मुरलेली. गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि जे २०१८ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांत मासेमारीचं जाळं किती वेळा येतं! बारीक बारीक ठिपक्यांनी भरलेलं ते जाळं, सबंध कागदभर, आणि एका कडेला एवढासा माणूस.

एक नियम मामंजींचा स्वतःचा. मरळीची पिल्लं तांबूस रंगाची असतात आणि घोळक्याने पृष्ठभागाशी येतात. त्यांच्याखाली आईबाप राखण करीत असतात. अशा जागी गळ सोडायचा नाही. पोर राखणारं जनावर आमिषावर चिडून येतं, भुकेने नव्हे. चिलापीची मादी तर अंडी आणि पिल्लं तोंडातच सांभाळते आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते. हे ऐकल्यावर पहिल्यांदा चिलापी साफ करताना माझा हात जरा थांबला होता, खरं सांगते.

असं वर्षभर चाललं. आणि दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात मला काही वेगळंच दिसू लागलं.

गळाच्या दोरीला आम्ही मोरपिसाचा पांढरा देठ तरंगायला बांधतो. देठ समोर असला की मामंजींना बारीकशी थरथरही कळे. पण वाऱ्याने तो डावीकडे सरकला की ते समोरच पाहत राहत. मी म्हणायची, "मामंजी, डावीकडे." मग ते अख्खी मान वळवत आणि म्हणत, "हो, हो, बघतोय." आमिषाचा डबा मी डाव्या हाताने पुढे केला की त्यांचा हात हवेत चाचपडे. उजवीकडून दिला की बरोबर पडे. घरी ताटात डावीकडची चटणी तशीच राहू लागली. सायकल त्यांनी सोडली होती ती गुडघ्याचं नाव सांगून. ओटीची पायरी उतरताना पाय आधी हवेत फिरवून पाहत. पेपर मात्र चष्मा लावून बारीक अक्षरांसकट वाचत! त्यामुळे डोळ्यांत काही असेल अशी शंका कुणाला यावी? पेपर वाचणाऱ्या माणसाला दिसत नाही, असं कोण म्हणेल?

मी मात्र त्यांच्याकडूनच खिडकीचा धडा शिकले होते. मला वाटलं, ह्यांचीही खिडकी झाली आहे. आणि माशाच्या खिडकीत निदान सगळं जग दबून का होईना मावतं. ह्यांच्या खिडकीची चौकट कडेने कुरतडली जाते आहे.

रात्री ह्यांच्या कानावर घातलं. हे लगेच उठले, "उद्याच डॉक्टरकडे नेतो." मी हात धरून बसवलं. कारण मला पुढचं दिसत होतं. हे उभं राहून वडील आवाजात बोलणार, मामंजी "मला काही झालेलं नाही" म्हणणार, आणि त्या दिवसापासून ते जे काही लपवत असतील ते आणखी खोल नेऊन लपवणार. मी म्हटलं, "मला पंधरा दिवस द्या. आणि एक कबूल करा. डॉक्टर काहीही सांगोत, त्यांचा गळ बंद करायचा नाही." हे म्हणाले, "दिसत नसताना पाण्याकाठी? वेड लागलंय का तुला?" दोन रात्री आमचा अबोला झाला. तिसऱ्या रात्री हे म्हणाले, "बरं. पण तू बरोबर असशील तरच."

मैत्रिणींनो, हा अबोला मी मुद्दाम सांगते आहे. म्हातारं माणूस आजार का लपवतं? पैसे जातील म्हणून लपवतं, त्रास होईल म्हणून लपवतं. पण सगळ्यांत जास्त ते लपवतं ते उरलेली एक आवडती गोष्ट काढून घेतली जाईल म्हणून. डॉक्टरचा निदानाचा कागद घरात आला की पाठोपाठ घरच्यांची बंदी येते, हे त्यांनी शेजारीपाजारी पाहिलेलं असतं. ती भीती आधी काढल्याशिवाय ते जवळ येऊ देत नाहीत.

मग मी काय केलं? काहीच नाही. रोजच्यासारखी बरोबर गेले. समोर उभी राहून विचारलं नाही, बाजूला बसले. डबा उजवीकडून देऊ लागले. डावीकडे देठ गेला की हळूच म्हणायची, "डावीकडे हललाय." प्रश्न एकही नाही. आठ-दहा दिवस गेले असतील. एका सकाळी चिलापी काढून बादलीत टाकली आणि मी सहज म्हटलं, "मामंजी, माशाच्या खिडकीबाहेर आरसा असतो ना?"

"हं."

बराच वेळ गेला. एक खंड्या पाण्यावरून सरळ रेषेत उडत गेला. मग तेच म्हणाले, "माझ्या खिडकीबाहेर काही नसतं. अंधार असता तरी कळलं असतं. अंधारही नाही. नुसतं नसतं."

मी म्हटलं, "पालघरला जाऊ या. ह्यांना सांगून ठेवलंय, गळ बंद होणार नाही."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून ओटीवर तयार होऊन बसले होते.

काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची बरीच नजर गेलेली, उजव्याची कडेची गेलेली, मधली शाबूत. डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे पाहत राहायचं, आणि बाजूला कुठे बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर बसून मी बटणाचे आवाज मोजत होते. मधेच बराच वेळ आवाज येईना. तेव्हा माझ्या पोटात जे कालवलं ते काय सांगू! आत दिवे लुकलुकत होते आणि मामंजी शांत बसले होते.

आता हा आजार जरा नीट समजून घ्या. काही काचबिंदूत डोळा एकाएकी लाल होतो, डोकं ठणकतं, उलटी होते. तेव्हा तर लगेच धावायचं. पण जो जास्त आढळतो तो दुखत नाही, खुपत नाही. डोळ्याच्या आतला दाब बहुधा वाढतो आणि मागची मज्जा हळूहळू मरत जाते. आधी जाते ती कडेची नजर. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, राहिलेलं मेंदू आपल्या मनाने जुळवून घेतो, त्यामुळे माणसाला स्वतःलाही पत्ता लागत नाही. मोतीबिंदूसारखं इथे शस्त्रक्रिया करून गेलेली नजर परत येत नाही. गेलं ते गेलं. पण राहिलेलं राखता येतं. थेंब आहेत, लेसर आहे, शस्त्रक्रिया आहे. दाब कमी ठेवणं हा सगळ्यांचा हेतू. मामंजींना रात्री झोपताना एक थेंब, सकाळ-संध्याकाळ दुसरा, जन्मभर.

थेंब घालण्याची रीत लक्षात ठेवा, कारण घराघरांत ती चुकते. खालची पापणी ओढून एकच थेंब सोडायचा. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळे थेंब असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्यायची. डोळा लाल झाला म्हणून दुकानातून मनाने थेंब आणू नका. काही थेंबांत स्टेरॉइड असतं, आणि ते जास्त दिवस वापरलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. आणि हा आजार रक्ताच्या नात्यातून उतरतो. आईवडिलांना किंवा भावंडाला असेल तर आपल्याला धोका कितीतरी जास्त. आमच्या ह्यांची तपासणी त्याच महिन्यात करून घेतली. सध्या ठीक आहे, पण दर वर्षी जायचं ठरलं आहे. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं समजू नका. चाळिशीनंतर दाब आणि डोळ्याचा मागचा पडदा पाहायला आपणहून सांगा.

ह्या गोष्टीला चार वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी यंत्रापुढे बसणं होतं, आणि खिडकी आहे तेवढीच आहे. मामंजी अजून गळ टाकतात. समोरचा देठ त्यांचा, डावीकडचा मुलूख माझा. नवऱ्याने पाण्याकडच्या पायवाटेला दोन्ही अंगांनी बांबू ठोकून धरायला केलं आहे. रविवारी कधी कधी तोही येऊन बसतो. सुरुवातीला चुळबुळ फार करायचा. आता खाली बसायला शिकला आहे.

तुम्हांलाही हौस वाटली तर काही गोष्टी सांभाळा. एकटीने जाऊ नका. गवतात पाऊल टाकण्याआधी पाहा, पायात बूट घाला, कारण सापालाही काठ आवडतो. पावसात ओहळाला लोंढा केव्हा येईल सांगता येत नाही. त्या दिवसांत पाण्यापासून लांब. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. सिमेंटच्या कालव्याच्या उतरत्या कडेवर तर मुळीच बसू नका, पाय सुटला तर धरायला काही नसतं. आणि पाण्याला रंग, फेस, वास असेल, मेलेली मासळी तरंगत असेल, तर तिथला मासा घरी आणू नका. आमच्या भागात सांडपाण्याने मासळी जाते म्हणून किनाऱ्यावरच्या मांगेला समाजाच्या परिषदेने थेट राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावलं होतं, तेव्हा ही काळजी उगाच नाही.

ओहळाच्या माशाला चिखलाचा वास असतो. साफ केल्यावर मीठ आणि तांदळाचं पीठ चोळून धुवायचा, मग चिंचेच्या कोळात दहा मिनिटं ठेवायचा. मरळ हातातून निसटते, तिला चुलीची राख नाहीतर कोंडा लावून धरा. वाटणात आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, नारळ कमी. मामंजींच्या ताटात मासा उजवीकडे वाढायचा, काटे काढायची वाटीही उजवीकडेच.

आणि एक काम आजच्या जेवणाच्या वेळी करा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या ताटाकडे जरा लक्ष ठेवा. एका बाजूची चटणी रोज तशीच राहते का? पायरीवर पाऊल चाचपडतं का? दाराची चौकट खांद्याला लागते का? लागत असेल तर लगेच ओरडू नका, सगळ्यांपुढे विचारू नका. शेजारी जाऊन बसा.